तबकातल्या किल्ल्या

आमच्या केंद्रातल्या प्रत्येक दाराला दोन कुलपं होती. एक विद्यापीठाचं, एक कंपनीचं. दोन्ही काढल्याशिवाय दार उघडत नसे, आणि दोन्ही किल्ल्या एकाच माणसाच्या हातात कधी द्यायच्या नाहीत असा नियम होता. नवीन माणसाला वाटायचं आत सोनंनाणं असेल. आत तारांची भेंडोळी होती, मोजमापाची थोडी यंत्रं होती आणि कपाटामागे पालींनी घातलेली अंडी होती.

विद्यापीठ इथलं नव्हतं, लांबच्या मोठ्या शहरातलं होतं. कंपनी त्याहून लांबची. दोघांनी मिळून आरमोरीच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या माळावर हे संयुक्त संशोधन केंद्र काढलं. विद्यापीठाने माणसं द्यायची, कंपनीने यंत्रं द्यायची आणि आमच्या जिल्ह्याने समस्या द्यायच्या, असं ठरलं होतं. मी थट्टा करत नाही, करारात तसंच होतं. समस्यांचा आमच्याकडे कधी तुटवडा पडला नाही, त्यामुळे आमची बाजू आम्ही चोख सांभाळली.

कुलपांचं कारण असं की पहिल्याच वर्षी एक महागडं मोजयंत्र दिसेनासं झालं. विद्यापीठवाले म्हणाले कंपनीने परत नेलं, कंपनीवाले म्हणाले विद्यापीठाने विकून खाल्लं. पुढे ते त्याच्याच खोक्यात, टेबलाखाली सापडलं. पण तोवर दोन्हीकडून कुलपं आली होती आणि बसवूनही झाली होती. ती काढा असं म्हणायला कोणीतरी आधी 'चुकलो' म्हणावं लागलं असतं. तसं म्हणणारा माणूस दोन्हीकडे नव्हता.

मी तिथे तंत्रसहायक आहे. अजूनही आहे. मी ढिवराची पोर, वैनगंगेच्या काठच्या गावातली. आमच्या घरात जाळी विणणारे, डोंगे वल्हवणारे आणि बाजारात मासळी विकणाऱ्या बायका, आणि त्यांच्यात मी एकटी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. मला दोन साहेब. विद्यापीठाचे समन्वयक, ज्यांना सगळे सर म्हणत, ते बारीक आवाजाचे, पापभीरू. एखाद्या गोष्टीचा निर्णय घ्यायची वेळ आली की त्यांना खोकला यायचा. आणि कंपनीचे मॅनेजर. मॅनेजर कायम हसत असायचे. चूक झाली तरी हसायचे, कोणी रडलं तरी हसायचे. हसऱ्या माणसाची मला त्यांच्यामुळे भीती बसली आहे.

केंद्राने जे यंत्र बनवलं ते खरंच चांगलं होतं. माझ्या हातचं होतं म्हणून सांगत नाही. तलावाच्या पाण्यात एक नळी सोडायची. उन्हाळ्यात पाणी तापलं, आटलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासे गुदमरून मरतात. सकाळी माणूस तलावावर जातो तेव्हा पाण्यावर नुसती पांढरी पोटं दिसतात. आमच्या यंत्राचं काम एवढंच, की प्राणवायू कमी झाला की मालकाच्या मोबाईलवर फोन करायचा. फोन उचलला की एक बाई शुद्ध मराठीत सांगायची, 'तलावातील प्राणवायू कमी झाला आहे. कृपया तातडीने उपाययोजना करावी.' मग माणसाने जाऊन हवा सोडणारी मोटार चालू करायची.

यंत्र तयार झालं, तसा कंपनीने मोठा कार्यक्रम ठरवला. राजधानीतून पाहुणे येणार, हॉलमध्ये भाषणं होणार, मोठ्या पडद्यावर यंत्राचा आलेख थेट दिसणार आणि मग पाहुण्यांच्या हस्ते मागच्या शेडचं उद्घाटन. शेडमध्ये सिमेंटची टाकी होती आणि चारी बाजूंनी जाड लोखंडी जाळी. टाकीत आम्ही चाचणीसाठी बोटाएवढे मासे ठेवलेले होते.

"हे कॅमेऱ्यात दिसणार नाहीत," मॅनेजर हसत म्हणाले. "मोठे पाहिजेत. पाण्यात हलले तर कळलं पाहिजे."

सरांना खोकला आला. खोकला थांबल्यावर ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्या गावची संस्था आहे ना मासेमारीची? तिथून काही दिवसांसाठी मिळतील का?"

संस्थेचे अध्यक्ष माझे मोठेबाबा होते, वडिलांचे थोरले भाऊ. वडील गेल्यावर मला त्यांनीच शिकवलं. माणूस प्रेमळ वगैरे अजिबात नव्हता. तोंडाने फटकळ, मानपानाचा भुकेला. गावात कुठेही खुर्ची मांडली की ती आपल्यासाठीच आहे असं त्यांना वाटायचं. मी बारावी पास झाले तेव्हा त्यांनी मला एक शब्द शाबासकीचा दिला नाही, पण गावभर जाऊन सांगून आले. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्याशिवाय करमायचंही नाही.

मी घरी जाऊन विषय काढला. वर हेही सांगितलं की बाजारातून जिवंत मासे आणले तरी चालतील, कोणी ओळखणार नाही.

"काऊन?" मोठेबाबा खवळले. "माह्या घरच्या पोरीची मशीन. तिच्यापुढं बाजारातले मासे ठेवू? लोक काय म्हणतीन? बोडीतले देतो."

बोडीतले म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. आमच्या तलावाच्या खाली एक लहानशी बोडी, म्हणजे छोटं तळं, आहे. तिच्यात संस्थेने निवडून ठेवलेले रोहू होते, हातभर लांबीचे, वर्षानुवर्षं जोपासलेले. त्यांना कोणी मारायचं नाही, विकायचं नाही. पावसाळ्याच्या तोंडाला त्यांच्याकडून अंडी घ्यायची, पिल्लं करायची आणि ती तलावात सोडायची. गावाचं बीज होतं ते. बीज घरचं असलं की व्यापाऱ्याच्या पिशवीतल्या अर्धमेल्या पिल्लांवर अवलंबून राहावं लागत नाही. आजूबाजूची गावं व्यापाऱ्याच्या दारात जातात, आमचं गाव जात नसे, आणि ह्या एका गोष्टीचा आमच्या गावाला फार ताठा होता.

संस्थेच्या बैठकीत लोकांनी विरोध केला. माद्या अंड्यावर आलेल्या, दिवस उन्हाळ्याचे, कशाला हलवायच्या? मोठेबाबांनी सगळ्यांची तोंडं बंद केली. "माह्या जबाबदारीवर देऊन राह्यलो. एक मासा इकडचा तिकडं झाला तर मले तलावावर पाय ठेवू नका देऊ."

हे ते भर बैठकीत बोलले. आमच्यात बैठकीत बोललेलं कोणी विसरत नाही.

मासे आले. टाकीत सोडले तेव्हा सगळं केंद्र बघायला जमलं. टाकी त्यांच्या मानाने लहान होती, पण हवेची मोटार दिवसरात्र चालू असल्यामुळे ते मजेत होते. मोठेबाबांनी जाळीला नाक लावून बराच वेळ बघितलं आणि मला म्हणाले, "तुही मशीन सांगन ना बरोबर?"

"सांगते ना, मोठेबाबा. तुमच्याच फोनवर सांगन."

यंत्राला नंबर त्यांचाच लावला होता. लाभार्थी म्हणून तेच होते.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मॅनेजरांना एक कल्पना सुचली. ती सगळ्यांना इतकी आवडली की सरांना खोकलासुद्धा आला नाही. शेडची दोन कुलपं पाहुण्यांच्या हातून उघडायची. एक किल्ली विद्यापीठाची, एक कंपनीची. दोन्ही एका फितीत बांधून, फुलांच्या पाकळ्यांवर, कुंकवाच्या करंड्याशेजारी तबकात ठेवायच्या. शिक्षण आणि उद्योग हातात हात घालून, असं काहीतरी सूत्रसंचालन करणारी मुलगी त्यावर म्हणणार होती. म्हणून सकाळीच शेडला दोन्ही कुलपं घातली गेली आणि किल्ल्या तबकात जाऊन बसल्या. आमच्या केंद्राच्या इतिहासात दोन्ही किल्ल्या एकत्र आल्या त्या फक्त त्याच दिवशी, आणि त्यांना हात लावायची कोणाला परवानगी नव्हती.

ऊन असं होतं की माळावर कुत्रं दिसत नव्हतं. पाहुण्यांच्या वाटेवर धूळ उडू नये म्हणून वरच्या टाकीतलं सगळं पाणी सकाळीच शिंपून संपवलं होतं. हॉलमध्ये कूलर लावले होते. मोठेबाबांना फेटा बांधून स्टेजवर बसवलं होतं, अगदी कडेच्या खुर्चीवर, पण खुर्ची ती खुर्ची. ते पाठ ताठ करून बसले होते. सूत्रसंचालन करणारी मुलगी म्हणाली, 'सर्वांनी आपापले मोबाईल बंद ठेवावेत.' हॉलभर लोकांनी फोन खिशात चाचपल्यासारखं केलं आणि तसेच ठेवले. मोठेबाबांनी मात्र खिशातून फोन काढला, त्याचं बटण दाबून धरलं, पडदा काळा झाल्याची खात्री केली आणि मगच परत ठेवला. साहेबांचा हुकूम ते कधी मोडत नसत.

पाहुण्यांचं भाषण सुरू झालं आणि वीज गेली. उन्हाळ्यात आमच्याकडे ती जातेच. जनरेटर सुरू झाला, कूलर पुन्हा फिरू लागले, पडदा उजळला. मी मागे यंत्राच्या संगणकापाशी बसले होते. पडद्यावर आलेख होता, हिरवी रेघ. ती रेघ खाली येऊ लागली.

मला लगेच कळलं. जनरेटर लहान होता. हॉल आणि शेड दोन्हीचा भार त्याला झेपत नसे, म्हणून कोणीतरी सकाळीच, कुलपं लागण्याआधी, शेडमधल्या बोर्डावरून शेडची जनरेटरची लाईन काढून हॉलला दिली होती. हवेची मोटार बंद. यंत्राला मात्र स्वतःची बॅटरी होती, ते व्यवस्थित चालू होतं. मासे गुदमरायला लागले होते आणि माझं यंत्र ते इमानदारीने पडद्यावर दाखवत होतं.

रेघ पिवळी झाली. पाहुण्यांनी मागे वळून बघितलं. "हे काय आहे?"

"लाईव्ह डेटा, सर," मॅनेजर हसून म्हणाले. "आत्ता, ह्या क्षणाचा."

हॉलने टाळ्या वाजवल्या. रेघ खाली जात होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. तो आवाज मला आजही आठवला की कानशिलं तापतात.

मी वाकून स्टेजच्या कडेने सरांपर्यंत गेले आणि त्यांच्या कानात सांगितलं, "सर, शेडची मोटार बंद पडली आहे. किल्ल्या द्या."

सरांना खोकला आला. त्यांनी तबकाकडे बघितलं, मॅनेजरकडे बघितलं. "पाहुण्यांच्या हस्ते आहे ते," ते म्हणाले. "आत्ता कसं..."

मी तबकाकडे हात नेला. तबकापाशी उभ्या केलेल्या मुलीने ते पटकन उचलून दुसऱ्या बाजूला घेतलं. तिला सांगितलं होतं तसं ती करत होती. मॅनेजरांनी माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली, जोर न लावता. "पाच मिनिटं, मॅडम. भाषण संपतंच आहे." आणि हसले.

मी मोठेबाबांकडे गेले. "मोठेबाबा, हवेची मोटार बंद हाये. मासे मरतीन. तुमीच उठून मांगा ना किल्ल्या."

ते समोर बघत होते. कॅमेरा त्यांच्याकडे होता. ओठ न हलवता त्यांनी मला दटावलं, "चूप बस. साहेब बोलून राह्यले. अन् मशीन लावली ना तू? मासे मराले लागले तर मले फोन येईन ना."

"तुमचा फोन बंद हाये, मोठेबाबा."

"साहेबानं बंद कराले लावला," ते म्हणाले. "त्याहिले मालूम असन ना काही."

त्यांचा त्या क्षणी मला जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कोणाचा आला नाही. गावातल्या बैठकीत कोणालाही आडवं बोलणारा हा माणूस, इथे एका फेट्यापायी त्याची जीभ टाळ्याला चिकटली होती. मी तिथून धावत निघाले.

शेडपाशी चौकीदार सावलीला बसला होता. जाळीतून आत बघितलं. सगळे मासे वर आले होते. पाण्याच्या वर तोंडं काढून ते उघडझाप करत होते, सगळीकडे तोंडंच तोंडं. माद्यांची पोटं अंड्यांनी फुगलेली, त्यांना धड पोहता येत नव्हतं. मी नळ सोडला. नळाला पाणी नव्हतं. जाळीतून हात आत जात नव्हता, पाणी खळबळवायला एक काठी मिळाली ती टाकीपर्यंत पोचत नव्हती.

मी दगड उचलला आणि कुलपावर घातला.

"मॅडम, नका जी," चौकीदार धावत आला. "जॉइंट कुलूप हाये ते. साहेबाच्या परवानगीबिगर नाई तोडता येत. माही नोकरी जाईन."

"मासे मरून राह्यले, भाऊ!"

"दिसते मले," तो म्हणाला. "मलेही दिसते, बाई." पण त्याने माझा हात धरला होता तो सोडला नाही. मग सोडला, आणि तोंड दुसरीकडे केलं. एवढंच त्याच्याने झालं.

विद्यापीठाचं कुलूप दोन घावांत तुटलं, ते स्वस्तातलं होतं. कंपनीचं तुटलं नाही. मी मारत राहिले, हाताची साल निघाली, कुलपावर ओरखडासुद्धा उठला नाही. जाळीपलीकडची तोंडं हळूहळू कमी होत गेली. एक मोठी मादी, मोठेबाबा तिला लाडाने पाटलीण म्हणायचे, ती टाकीच्या कडेला येऊन आडवी झाली. माझ्यापासून हातभरावर. मी तिला नुसती बघत होते.

तेवढ्यात ढोलताशा वाजत मिरवणूक आली. पुढे पाहुणे, बाजूला तबक घेतलेली मुलगी, मागे फेटा घातलेले मोठेबाबा. सरांनी तुटलेलं कुलूप बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. माशांसाठी नव्हे. त्यांनी घाईघाईने ते कुलूप उचललं, धूळ पुसली आणि कडीला परत अडकवलं, म्हणजे फोटोत बरोबर दिसावं. पाहुण्यांनी तुटक्या कुलपात किल्ली फिरवली. मग दुसऱ्या कुलपात फिरवली. टाळ्या झाल्या. दार उघडलं.

पाण्यावर पांढरी पोटं होती.

ढोल थांबला. पहिल्यांदाच मी मॅनेजरांना न हसताना बघितलं, पण ते फार वेळ टिकलं नाही. त्यांनी मोबाईल काढला, यंत्राने केलेल्या कॉलची नोंद उघडली आणि पाहुण्यांपुढे धरली. "सर, हे बघा. प्राणवायू मर्यादेखाली गेल्या गेल्या यंत्राने कॉल केला. लगेच पुन्हा केला. पुन्हा केला. एकदाही चुकलं नाही."

पाहुण्यांनी बघितलं. "म्हणजे यंत्राने बरोबर सांगितलं?"

"अगदी बरोबर, सर."

"वा!" पाहुणे म्हणाले. "म्हणजे चाचणी यशस्वी."

आणि पुन्हा टाळ्या. सरांनीही वाजवल्या. मोठेबाबा टाकीच्या कडेला उभे होते. त्यांनी खिशातून फोन काढला, चालू केला. तो चालू झाला आणि न उचललेल्या कॉलचे संदेश एकामागून एक टुणटुणत राहिले. ते थांबेपर्यंत मोठेबाबा फोन हातात धरून उभे राहिले.

मला वाटलं इथे संपलं. संपलं नव्हतं. मासे आत्ताच मेले होते, ताजे होते. मॅनेजरांनी स्वयंपाक्याला बोलावून घेतलं. सर शाकाहारी, तरी तेही म्हणाले, "मी घेत नाही, पण वाया जाऊ नये." पाहुण्यांना मासे आवडत होते. जेवणाच्या मंडपात रस्सा आला, तळलेले तुकडे आले आणि एका वेगळ्या बशीत तळलेली अंडी आली. गावाच्या येत्या वर्षाचं बीज तिखटमीठ लावून बशीत आलं. पाहुण्यांनी दोनदा मागून घेतलं.

मोठेबाबांना पाहुण्यांच्या शेजारी बसवलं होतं. मानाचा म्हणून डोक्याचा तुकडा त्यांच्या ताटात वाढला. "घ्या काका, तुमच्याच तलावातला आहे," मॅनेजर म्हणाले. मी समोरच्या रांगेत ताट घेऊन उभी होते. मला वाटलं आता ताट भिरकावतील. मी वाट बघत होते, भिरकावा म्हणून. मोठेबाबांनी फेटा सावरला, घास तोडला आणि खाल्ला. सगळं खाल्लं. काटे नीट काढून ताटाच्या कडेला ठेवले.

मी माझं ताट तसंच ठेवून घरची वाट धरली.

गावात बैठक झाली. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. कोणी आवाज चढवला नाही. बैठकीतला सर्वांत म्हातारा माणूस एवढंच म्हणाला, "तू बोलला होता, भाऊ." मोठेबाबा म्हणाले, "हो." मग अध्यक्षपद गेलं, आणि पाळीप्रमाणे तलावात जाळं टाकायचा हक्क गेला. त्यांनीच सांगितलं होतं त्याप्रमाणे तलावाच्या बांधावर पाय ठेवणंही त्यांना बंद झालं. मी उठून बोलले, वीज गेली होती, किल्ल्या दिल्या नाहीत, त्यांचा काय दोष. लोक ऐकून घेत होते. मग एक बाई म्हणाली, "अन् डोक्याचा तुकडा कोनं खाल्ला, पोरी?" ही बातमी माझ्याआधी गावात पोचली होती. मी खाली बसले.

त्या वर्षी आमच्या गावाने व्यापाऱ्याकडून पिल्लं आणली. पिशव्या सोडल्या तेव्हा बरीचशी तरंगली. व्यापारी हसला म्हणतात.

केंद्राचं मात्र भलं झालं. त्या दिवशीचा आलेख इतका स्वच्छ आला होता की तसा कुठल्याही चाचणीत मिळाला नसता, कारण चाचणीत मासे मरू देत नाहीत. सरांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. शेवटी आभारात 'स्थानिक मत्स्यपालक' आहेत. तोच आलेख चौकटीत घालून केंद्राच्या दाराशी लावला आहे. मी रोज त्याच्याखालून आत जाते. कोणी पाहुणा आला की मॅनेजर ती रेघ खाली येते तिथे बोट ठेवून समजावून सांगतात. मी नोकरी सोडली नाही. सोडून कुठे जाणार होते? जवळपास दुसरं केंद्र नाही.

आणि करारात ठरल्याप्रमाणे यंत्र गावाला भेट दिलं गेलं. तलावाच्या मध्ये खांब रोवून ते बसवलं, वर सौर पट्टी, बाजूला दोन्ही संस्थांची चिन्हं असलेली पाटी. नंबर मोठेबाबांचाच राहिला. मी तो बदलून द्या म्हणून अर्ज केला. नंबर बदलायला दोन्हीकडची संमती लागते. सर म्हणाले, आधी कंपनीची घ्या. मॅनेजर हसून म्हणाले, आधी विद्यापीठाची. मग यंत्रापुरत्या कराराची मुदत संपली आणि यंत्र नक्की कोणाचं यावरून दोघांचं भांडण लागलं, ते अजून चालू आहे. यंत्र सौर पट्टीवर चालतं. त्याला कोणाच्या संमतीची गरज नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी घरी गेले होते. दुपारची वेळ. मोठेबाबा ओसरीवर बसले होते. हल्ली ते बाहेर पडत नाहीत. पडले की पोरं मागून 'ट्रिंग ट्रिंग' करतात. फोन वाजला. त्यांनी तो पहिल्याच घंटेला उचलला. आता ते फोन कधीच बंद करत नाहीत, झोपतानाही उशाला घेतात. मला त्या बाईचा आवाज ऐकू आला. तलावातील प्राणवायू कमी झाला आहे. कृपया तातडीने उपाययोजना करावी.

मोठेबाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "हो बाई," ते म्हणाले. "सांगतो."

मग ते दारापर्यंत गेले आणि रस्त्याने चाललेल्या संस्थेच्या नव्या अध्यक्षाला हाक मारली. "भाऊ, पान्यात हवा कमी झाली हाये. मोटार लावा."

नवा अध्यक्ष थांबला नाही. सायकलवरूनच म्हणाला, "तुमी जेवून घ्या, बाबा. डोक्याचा तुकडा ठेवतो तुमच्यासाठी."

आम्ही दोघं उंबऱ्यात उभे होतो. फोन पुन्हा वाजला. मोठेबाबांनी उचलला. "हो बाई," ते म्हणाले. "सांगितलं."